थोरलीसाठी घर पाहणारे सानप

चि. इरा आणि चि. निखिल,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं इतके हसलात की मला कॅमेरा बंद करावा लागला. निखिल आपल्या नव्या नोकरीबद्दल सांगत होता. मालाचं, खरेदीचं, पगाराचं सॉफ्टवेअर आपल्याच इमारतीत, आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं, की दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर भाड्यानं चालवायचं, हे तो तिकडच्या कंपन्यांना समजावून सांगतो. मग त्यानं सहज विचारलं, "आजी, तुमच्या कंपनीनं हे कसं ठरवलं?" मी जे खरं तेच सांगितलं. म्हटलं, "आम्ही घर बघायला गेलो होतो."

तुमच्या हसण्याचा मला राग आला नाही. पण ज्या माणसावर तुम्ही हसलात तो गेल्या हिवाळ्यात वारला, आणि त्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेली आता मीच उरले आहे. म्हणून लिहिते. क्रमानं लिहिते. सानप स्वतः क्रमानं वागत नसत, तेवढं सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी स्प्रिंगा बनवायची. मी ऑफिस सांभाळत असे. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. विष्णू सानप स्टोअरकीपर होते. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. सिन्नरपलीकडच्या आपल्या गावाहून ते रोज काळ्या-पिवळ्या जीपनं येत आणि जीपवाल्याशी भांडून पुढची सीट मिळवत. ते भांडण सीटसाठी नव्हतं, डब्यासाठी होतं. त्यांच्या चार पुडांच्या डब्यात तीन पुडांत जेवण असे आणि चौथ्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, कंपनीच्या सगळ्या नोंदींची नक्कल असलेली हार्ड डिस्क.

ते सर्व्हरचे राखणदार कसे झाले, तेही सांगते. कंपनीनं पहिला सर्व्हर घेतला तेव्हा तो ठेवायला एसी लावलेली खोली लागणार होती. जिन्याखालची एक अडगळीची खोली निवडली. त्या खोलीची किल्ली स्टोअरमध्ये असे. किल्ली सानपांकडे, म्हणून सर्व्हरही सानपांकडे. याहून मोठं कारण मला कधी सापडलं नाही. पण त्यांनी ते काम असं अंगाला लावून घेतलं की दुसऱ्या वर्षी इंजिनियर दुरुस्तीला आला तर त्याला चपला बाहेर काढायला लावल्या आणि विचारलं, "जेवून आलात का? उष्ट्या हातानं हात लावू नका."

सर्व्हर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते त्या यंत्राला "थोरली" म्हणत. "थोरलीला गरम होतंय." "थोरली आज जरा सावकाश चालती." सानपांना तीन मुलगे होते, मुलगी नव्हती. हे मी मुद्दाम इथेच नोंदवून ठेवते.

एका एप्रिलात एसी बंद पडला आणि मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता. सानपांनी स्टोअरला कुलूप घातलं, घरून आणलेलं बांबूचं सूप काढलं आणि थोरलीला वारा घालायला बसले. दुपारपर्यंत अख्ख्या कारखान्याला खबर लागली. मग दोन-दोन कामगारांची पाळी लागली, अर्धा अर्धा तास. मी जाऊन पाहिलं तर लेथवरचा एक दांडगा गडी मान खाली घालून सूप हलवत होता आणि सानप त्याला दटावत होते, "हळू रे. धान्य पाखडतो का काय?" त्या दिवशी स्प्रिंगा कमी निघाल्या. थोरली मात्र बंद पडली नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे नावं. संगणकात प्रत्येक मालाचं वर्णन भरायचं होतं. मी इंग्रजीत सुबक यादी करून दिली होती: कॉम्प्रेशन स्प्रिंग, अमुक व्यास, तमुक तार. सानपांनी ती वाचली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि संगणकात स्वतःची नावं भरली. दाबून सोडली तरी पूर्ण लांबीवर न येणारी स्प्रिंग होती, ती "रुसकी". वर्षातून एकदाच जिची ऑर्डर यायची ती "पाहुणी". एकात एक बसणाऱ्या तीन स्प्रिंगांतली सगळ्यात आतली "तिघींतली धाकटी".

"सानप, हे काय आहे?" मी विचारलं.

"बाई, तुमच्या यादीनं माल मागितला तर माणूस मोजपट्टी घेऊन अर्धा दिवस हिंडतो. 'रुसकी आण' म्हटलं का दोन मिनिटांत हजर."

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. पुढे एका परदेशी गिऱ्हाईकाचा तपासनीस आला. त्यानं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मला भाषांतर करावं लागलं. मी म्हटलं, "ही रुसून बसणारी." त्यानं स्प्रिंग हातात घेतली, दाबली, सोडली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि आपल्या अहवालात लिहिलं की या कंपनीत मालाचं वर्णन अत्यंत अचूक असतं. त्यानंतर माझी यादी मी कपाटात ठेवून दिली.

आता मूळ गोष्ट.

आमचे मालक भाऊसाहेब. त्यांचा मुलगा अभिजित पुण्याहून शिकून आला आणि त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं की जिन्याखालचा सर्व्हर काढायचा. सगळं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून भाड्यानं घ्यायचं. आपल्या नोंदी त्यांच्या मोठ्या सर्व्हरवर राहतील, आपण इथून नुसत्या पाहायच्या. कारणही होतं. शनिवारी वसाहतीला सुट्टी, वीज बंद, आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाला त्याची ऑर्डर कुठवर आली ते पाहायचं असे. शिवाय थोरलीचं वय झालं होतं. तिचे सुटे भाग मिळत नव्हते.

अभिजितनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती उघड सगळ्यांसमोर सांगितली: नवी पद्धत आली की स्टोअरमध्ये बारकोडवर काम करणारी दोन माणसं पुरतील. सानपांना मोकळं करता येईल. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं होती.

भाऊसाहेब मुलाचं ऐकत आणि जुन्या माणसांचंही ऐकत, त्यामुळे सहसा काहीच ठरत नसे. या वेळी मात्र त्यांनी ठरवलं. ते म्हणाले, "सानपला विचारा. तो म्हणेल ते करू."

थोडक्यात, ज्या माणसाची नोकरी जाणार होती त्यालाच न्यायाधीश केलं. मी त्याच दुपारी स्टोअरमध्ये गेले.

"सानप, हे सोपं आहे. तुम्ही नाही म्हणा. विषय संपला."

ते पेन्सिलीला टोक करत होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. बापानं आपल्या सोयीसाठी मुलगी घरात ठेवायची का? तिचं वय झालं. चांगलं घर मिळत असंल तर पाठवली पाहिजे."

"मुलगी द्यायची-घ्यायची ही भाषा मला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"मग तुमच्या भाषेत सांगा. काय म्हणायचं याला? लिव्ह अँड लायसन?"

ते अगदी तसंच होतं.

पुढच्या आठवड्यात त्या भाड्याच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा रोहन नावाचा तरुण आला. कोट, लॅपटॉप, पेढ्यांचा बॉक्स. त्यानं भिंतीवर ढगाचं चित्र दाखवलं. सानपांनी ढगाकडे पाहिलं नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"राहायला कुठं हाय हे?"

"सर, क्लाउडमध्ये..."

"गाव कोणतं?"

रोहननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पत्ता सांगा." तो म्हणाला, नवी मुंबई.

"एका घरात बिऱ्हाडं किती?"

"खूप कंपन्या आहेत सर, पण प्रत्येकाचा डेटा वेगळा."

"चूल वेगळी का एकच?"

रोहननं पुढचं चित्र लावलं. निखिल, याचं उत्तर तुला देता येईल का, ते मला पुढच्या फोनवर सांग. मला अजूनही तो प्रश्न चांगला वाटतो.

"आणि नाय जमलं तर? परत आणायची तर काय काय परत मिळंल?"

"सगळा डेटा एक्सपोर्ट होतो काका. साध्या फाइलमध्ये, ओळीनं."

"साध्या फाइलमध्ये. म्हंजी नेसत्या लुगड्यानिशी. दागिने तिकडंच."

अभिजितला हसू आवरेना. मला आवरलं, कारण मला कळलं होतं की ते बरोबर विचारत आहेत. नोंदी परत मिळतील, पण एका नोंदीचा दुसरीशी जो धागा जोडलेला असतो तो मिळणार नाही. रोहनलाही ते कळलं. त्याचा आवाज जरा खाली आला. त्यानं पेढे पुढे केले. सानपांनी हात जोडले. पाणी दिलं, तेही नको.

"काकांचा उपास आहे का?" रोहननं मला हळूच विचारलं.

उपास नव्हता. सानपांच्या घराण्याचा नियम होता की पसंती होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पाणी मागून घेतलं की सोयरीक पक्की. मग देणंघेणं, याद्या, काही का असेना, शब्द गेला. त्यांच्या चुलत्यांनी म्हणे एकदा उन्हाच्या भरात चुकून पाणी घेतलं आणि तीच मुलगी सून म्हणून आणावी लागली. "आणि लय गुणाची निघाली," सानप म्हणत, "पण चूक ती चूकच."

निघताना ते रोहनला म्हणाले, "मग आम्ही घर बघायला कधी यायचं?"

"काका, डेटा सेंटरमध्ये कुणालाच जाता येत नाही. सिक्युरिटी."

"जे घर सोयऱ्यांना आत घेत नाय, तिथं मुलगी द्यायची?"

रोहनला ही ऑर्डर हवी होती. दहा दिवस खटपट करून त्यानं निदान पुढच्या दालनापर्यंत जायची परवानगी मिळवली.

घर बघायला सानप, मी आणि मामा निघालो. मी इंग्रजीसाठी. मामा म्हणजे बाजीराव, सानपांच्या बायकोचा भाऊ. सायखेड्याला भाजीपाल्याची शेती. थोरली सानपांची मुलगी, म्हणजे बाजीराव तिचा मामा, आणि मामाशिवाय घर पाहत नाहीत. अभिजितनं यायला साफ नकार दिला. त्यामुळे आम्ही तिघं झालो आणि नवीच अडचण उभी राहिली, कारण तिघांनी अशा कामाला जायचं नसतं.

"ड्रायव्हर धरून चौघं," मी म्हटलं.

"ड्रायव्हर मोजत नसतात, बाई. खिशात खडा घ्यावा लागतो चौथा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्टोअरमध्ये गेले आणि खड्याऐवजी एक रुसकी घेऊन आले.

मे महिना होता. कसारा घाट उतरला आणि घामाच्या धारा लागल्या. वाटेत मला कळलं की सानपांनी रोहनला साडेअकराची वेळ दिली असून आपण साडेदहालाच पोचणार आहोत. "सांगून गेलं का घर सारवलेलं दिसतं," ते म्हणाले. मामांनी दुजोरा दिला. स्वतःच्या मुलीचं घर बघायला ते असेच न सांगता गेले होते आणि विहिरीत बादली सोडून, दोर ओला किती होतो ते पाहून पाणी मोजलं होतं.

रोहननं खूण सांगितली होती: राखाडी इमारत, एकही खिडकी नाही, निळं फाटक. ती आम्हाला लगेच सापडली. आतून अखंड घरघर येत होती. सानप आधी समोरच्या टपरीवर गेले.

"माणसं कशी हायेत हो इथली?"

टपरीवाला म्हणाला, "कोणाशी बोलत नाहीत. पण कधी भांडण ऐकलं नाही. चोवीस तास काम."

"व्यसन?"

"चहा."

सानप मामांकडे बघून मान हलवत आत गेले. एक वयस्क सुपरवायझर समोर आले. "नाशिकहून आलो," म्हटल्याबरोबर त्यांनी खुर्च्या मांडल्या. अंगात घालायला जाड कोट दिले. माझे गुडघे थंडीला भितात, मी बाहेरच्या बाकावर बसले, पण संभाषण ऐकू येत होतं.

"आमचं कायमचं इथं ठेवायचं म्हणतो," सानप म्हणाले. "खराब नाय ना होणार?"

"आमच्याकडे आलेलं खराब होत नाही दादा. तापमान बघा. काट्याला काटा."

"वीज गेली तर?"

"दोन जनरेटर. एक चालू, एक तयार."

"दुसऱ्याचं आमच्यात मिसळणार नाय?"

"प्रत्येकाचा कप्पा वेगळा. वर नावाची चिठ्ठी."

"आणि परत मागितलं तर?"

"पावती दाखवा. जसं दिलं तसं परत. एक दाणा कमी नाही."

"काही झालं तर बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी. वीस वर्षं मी इथेच आहे."

मला नवल वाटलं. रोहनला त्या दिवशी जे सांगता आलं नव्हतं ते या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं. एकच गोष्ट खटकली. मामा बाहेर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "लय चांगलं हाय. पण आत मटार बी ठेवल्यात, पोतीच्या पोती." मी म्हटलं, कॅन्टीनचे असतील.

मग आतून सानपांचा आवाज आला. "जरा पाणी मिळंल का?"

मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मी उठून दारातून आत पाहिलं. सानप पेला दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, आणि माझा फोन वाजला.

"मॅडम, कुठे आहात? मी फाटकावर उभा आहे."

मी फाटकाकडे पाहिलं. फाटकावर कुणीही नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे दुसरी राखाडी इमारत होती, तिलाही खिडकी नव्हती, तिचंही फाटक निळं होतं आणि तिथे रोहन घाम पुसत उभा होता.

"काका," रोहन जवळ आल्यावर म्हणाला, "ते कोल्ड स्टोरेज आहे. तिथे भाजी ठेवतात."

मामा म्हणाले, "मी म्हणालो व्हतो बाईंना."

खऱ्या इमारतीत आमचे फोन काढून घेतले, सह्या घेतल्या आणि काचेच्या एका दालनात बसवलं. काचेपलीकडे काळ्या कपाटांच्या रांगा आणि हिरवे दिवे. एक सुटातले गृहस्थ इंग्रजीत बोलत होते, मी भाषांतर करत होते. किल्ली कुणाकडे असते? कुणा एका व्यक्तीकडे नसते. बिऱ्हाडं किती? ते सांगता येत नाही. काही झालं तर कुणाशी बोलायचं? एक नंबर आहे, त्यावर तक्रार नोंदवायची, तक्रारीला क्रमांक मिळतो.

"माणूस?" सानपांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. ते गृहस्थ म्हणाले, तसा एक माणूस नाही.

पाण्याच्या बाटल्या आल्या. सानपांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही घाट चढून आलो. मग सानप म्हणाले, "बाई, पाणी तिकडं प्यालो मी."

"अहो, ते चुकून."

"चुकून काय? मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मला पटलं, मी मागून घेतलं. शब्द गेला."

मामा पुढच्या सीटवरून म्हणाले, "मग ठेवा थोरली मटारात."

"दाजीची थट्टा करतो का?"

"थट्टा नाय. माझ्याकडं मटार हाय. शब्द तुमचा गेला ना? मग घरातलं कायतरी त्या घरी गेलं पाहिजे. मी धाडतो दोन पोती."

सानपांनी खिशातली रुसकी काढली, दाबली, सोडली. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "तेवढं कर बाजीराव. मी मोकळा होतो."

त्यानंतर आठ दिवस कंपनीत कुणालाच काही कळेना. अभिजित अस्वस्थ, भाऊसाहेब मुलाला टाळत होते, कामगारांत पैजा लागलेल्या. सानप रोज दुपारी खोलीत जाऊन बसत. नवव्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला आणि म्हणाले, "याचं इंग्रजी करा." कागदावर पेन्सिलीनं कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरची उत्तरं जशीच्या तशी लिहिली होती. वीज गेली तर दुसरी तयार. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, वर नावाची चिठ्ठी. जसं दिलं तसं परत, धाग्यादोऱ्यासकट, एक दाणा कमी नाही. बोलायला माणूस, नावानिशी. आणि खाली त्यांची स्वतःची एक ओळ: मालाची नावं बदलणार नाही, इंग्रजीसुद्धा करणार नाही.

मी खूप कष्ट घेऊन इंग्रजी केलं. 'एक दाणा कमी नाही' हे मी तसंच ठेवलं, कारण त्याहून चांगली अट मला सुचली नाही.

रोहनच्या कंपनीनं, आश्चर्य म्हणजे, जवळजवळ सगळं लिहून दिलं. करारावर सही करायला तो आला तेव्हा भाऊसाहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो.

"माणसाचं नाव कुठंय?" सानपांनी कागद उलटसुलट केला.

"मी आहे ना काका."

"तू किती दिवस हायेस?"

रोहनला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "खरं सांगू? वर्षभर तरी. पुढे माहीत नाही. पण जाताना माझ्या जागी कोण येणार, त्याला घेऊन तुमच्याकडे येईन."

अभिजित खुर्चीत सरसावून बसला होता. भाऊसाहेब म्हणाले, "विष्णू, तू नाही म्हणालास तरी चालेल. मी अभिजितला सांभाळून घेईन." असं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं.

सानप रोहनकडे वळले. त्याच्या बॅगेच्या कप्प्यात पाण्याची बाटली खोचलेली होती, प्रवासात तापलेली, अर्धी.

"ती दे इकडं," सानप म्हणाले. "तहान लागली."

आम्हा चौघांना त्याचा अर्थ कळला. रोहनला एकट्यालाच काही कळलं नव्हतं, तो म्हणाला, "काका, गरम आहे, थंड मागवू का?" सानप म्हणाले, "हेच पाहिजे," आणि प्यायले. तीन वर्षांची नोकरी होती ती. त्यांनी बूच लावून बाटली परत दिली आणि कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

पाठवणी जूनच्या पहिल्या सोमवारी झाली. नोंदी नव्या ठिकाणी पाठवायला पूर्ण दिवस लागणार होता. सानप धुतलेल्या कपड्यांत आले. थोरलीवर त्यांनी खण-नारळ ठेवला. मामा सायखेड्याहून आले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि सगळा कारखाना काही ना काही कामाचं निमित्त करून जिन्याखालून जात होता. दुपारी दोनला पट्टी सत्त्याण्णववर अडली. बाहेर रस्त्यावर पाण्याच्या पाइपासाठी खणताना कुणीतरी इंटरनेटची तार तोडली होती.

"वेशीवर अडली," मामा म्हणाले.

अभिजित मोबाइलवर ओरडत होता. सानपांनी खोलीचं दार उघडं ठेवलं, बाहेर स्टूल घेतलं आणि बसले. दोन तासांनी तार जोडली, पट्टी सरकली. रोहनचा फोन आला. सानपांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पोचली का?" विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. ते "बरं, बरं" म्हणाले आणि फोन उलटा धरून मला परत दिला.

महिनाअखेरीस ते मोकळे झाले. निरोपाला शाल द्यायचं ठरलं होतं. त्यांनी शाल नको म्हणून सांगितलं आणि थोरलीचं रिकामं यंत्र मागितलं. ते भंगारातच जाणार होतं, अभिजितनं दिलं. त्या संध्याकाळी पाचला मी माझ्या रिक्षाची वाट पाहत नाक्यावर उभी होते. सानप जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते, यंत्र मांडीवर, वर जुनं धोतर पांघरलेलं, डबा पायाशी. भांडावं लागलं नव्हतं, जीपवाल्यानंच सीट राखून ठेवली होती. मागच्या सीटवरची एक बाई पुढे वाकून म्हणाली, "टीव्ही हाय का दादा?"

"नाय," सानप म्हणाले, "माहेर हाय."

त्या बाईला ते पुरेसं वाटलं असावं. ती मागे टेकली, आणि जीप सिन्नरच्या रस्त्याला लागली. सानप मला दिसले ते तेव्हाच शेवटचे.

आता शिल्लक काय आहे ते लिहिते आणि थांबते. यंत्र सानपांच्या घरी आहे; धाकटी सून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पुसते आणि चालू करून बघते. मामा दर हिवाळ्यात नवी मुंबईच्या त्या कोल्ड स्टोरेजला मटारची दोन पोती पाठवतात आणि उन्हाळ्यात पावती दाखवून परत आणतात. रोहन नोकरी सोडताना नव्या माणसाला घेऊन नाशिकला आला होता. आणि कंपनीच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या स्प्रिंगपुढे आजही "रुसकी" असंच लिहिलेलं आहे. मी परवाच अभिजितला फोन करून खात्री करून घेतली.

तुमची,
आजी